मराठी वाहिन्यांवर विनोद लिहिणाऱ्यांना, लखनौहून



तुम्ही मला ओळखत नाही. मी मात्र तुमच्यातल्या बऱ्याच जणांना नावाने ओळखते, कारण कार्यक्रम संपताना जी नावं भराभर सरकत जातात ती मी वाचते. 'लेखन' हा शब्द आला की माझी नजर तिथे थांबते. माझं माहेर साताऱ्याचं. १९९४ साली लग्न होऊन लखनौला आले. यजमान इथल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेत नोकरीला होते. बरीच वर्षं मानकनगरच्या क्वार्टरमध्ये काढली, आता निवृत्तीनंतर अलीगंजला घर केलंय. इथे मराठी कानावर पडायच्या जागा मोजक्याच. आईचा फोन, मंडळाचा गणपती आणि रात्रीचा टीव्ही. त्यातला टीव्ही रोजचा. म्हणजे माझ्या घरात दिवसाकाठी जी मराठी येते, तिच्यातली बरीचशी तुम्ही लिहिलेली असते. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी अभ्यासक नाही. दुपारी ओटा आवरला की तासभर वाचते, रात्री जेवणं उरकली की टीव्हीपुढे बसते, आणि दोन्हीकडे मला विनोद लागतो. लग्नानंतर इकडे येताना ट्रंकेत चार पुस्तकं होती, त्यातली दोन चिं. वि. जोशींची. चिंवि बडोद्याला पाली शिकवत होते आणि तिथे राहून त्यांनी अख्ख्या महाराष्ट्राला हसवलं, हे मला इथे आल्यावर कळलं आणि फार धीर आला. मुंबई दूरदर्शनने चिमणराव-गुंड्याभाऊ पडद्यावर आणले तेव्हा मी लहान होते. पुण्याला मावशीकडे गेलं की बघायला मिळायचे. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना आम्ही भावंडं कितीतरी वर्षं त्याच नावांनी ओळखत होतो. 'आवाज'चा दिवाळी अंक भाऊ अजून टपालाने पाठवतो, आणि त्यातली खिडकीची चित्रं आधी कुणी उघडायची यावरून आम्हा नवराबायकोत अजून चढाओढ होते.

आता मुद्द्याचं.

आमच्या शेजारी एक चाची राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या बाराबंकी जिल्ह्यातल्या. पहिल्या दिवसापासून त्या मला 'दुलहिन' म्हणतात. माझ्याच घरात सून यायची वेळ झाली, तरी त्यांच्यासाठी मी दुलहिनच. रात्री जेवण झालं की त्या आमच्याकडे येतात आणि आमच्याबरोबर मराठी विनोदी कार्यक्रम बघतात. मराठी त्यांना येत नाही. मी शेजारी बसून हळू आवाजात सांगत जाते. सासू-सुनेचे प्रवेश त्यांना सांगावे लागत नाहीत. नळावरच्या भांडणाला तर भाषा लागतच नाही. गाऱ्हाणं घालणारा मालवणी म्हातारा त्यांना इतका आवडला, की देवाला असं दरडावता येतं का, हे त्यांनी मला दोनदा विचारून घेतलं. तुमच्यातल्या ज्या कुणी तो प्रवेश लिहिला, त्यांना हे कळावं म्हणून मुद्दाम लिहिते. तुमचा मालवणी म्हातारा अलीगंजच्या एका घरात आठवडाभर चर्चेत होता.

गेल्या हिवाळ्यातली रात्र. बाहेर दाट धुकं, आम्ही तिघं रजया पांघरून बसलेलो, मधे भाजलेल्या शेंगांचं ताट. इथे शेंगा घेतल्या की गाडीवाला बरोबर हिरव्या तिखट मिठाची पुडी देतो, तीही उघडलेली. प्रवेश सुरू झाला, सोसायटीच्या मीटिंगचा. त्यात भय्या आला. खांद्यावर गमछा, कपाळावर टिळा, गालात पान. त्याच्या प्रत्येक वाक्यात 'हम' आणि प्रत्येक 'हम'ला हशा. त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. शेवटी एकाने त्याच्या डोक्यात टपली मारून मराठीत एक वाक्य टाकलं आणि सभागृहात हसण्याचा कल्लोळ झाला. ते वाक्य मी इथे लिहीत नाही. त्याचं गाव, त्याची आई आणि गाड्या भरभरून येणारी माणसं, या तिन्हींचा त्यात एका दमात उद्धार होता.

चाचींनी विचारलं, "दुलहिन, उइ का कहिन?"

मी खोटं सांगितलं. म्हटलं, तो म्हणाला, जेवून जा.

इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच खोटा अर्थ सांगितला. त्यांना तो पटला नाही, कारण 'जेवून जा' म्हटल्यावर माणसं एवढी का हसतील? त्या काही बोलल्या नाहीत. शेंगा सोलत राहिल्या. मग त्या भय्याच्या बोलण्याबद्दल, म्हणजे जे त्यांना माझ्या मदतीशिवाय कळत होतं त्याबद्दल, त्यांनी एवढंच विचारलं, "ई कहाँ का है?"

हा कुठला?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं, ते तुमच्याकडेही नसावं. तो भय्या एक वाक्य भोजपुरी बोलत होता, दुसरं अवधीसारखं, तिसरं जुन्या हिंदी सिनेमातल्या रामूकाकाचं आणि चौथं मुंबईच्या टॅक्सी स्टँडवरचं. बलियाकडचा माणूस समोरच्याला आदराने 'रउआ' म्हणेल, लखनौच्या चौकातला 'आप' म्हणेल, बाराबंकीतल्या चाची मला मायेने 'तुम' म्हणतात. ही तीन वेगळी माणसं आहेत. समजा, उद्या इथल्या एखाद्या लेखकाने मराठी माणूस म्हणून असा एक उभा केला, ज्याचं पहिलं वाक्य मालवणी, दुसरं अहिराणी, तिसरं वऱ्हाडी आणि पेहराव कोल्हापुरी. तुम्ही लगेच म्हणाल, याने महाराष्ट्र पाहिलेलाच नाही. तुमच्या हातून मालवणीत कोल्हापुरी कधी मिसळत नाही. नागपूरकडचा माणूस लिहिता तेव्हा त्याचं 'बाप्पा' आणि 'ना बे' नेमकं जागेवर पडतं. तुमचा कान इतका तयार असताना एका माणसापाशी येऊन तो बंद का होतो, हे मला समजत नाही.

'हम'चं सांगते. इथे नवीन असताना मलाही ते वेगळं वाटायचं. एकटा माणूस समोर उभा राहून 'हम कल नहीं आएँगे' म्हणायचा. हळूहळू उमगलं, की इथे 'मैं' जरा टोकदार लागतं. 'हम' म्हणताना माणूस आपलं घरदार मागे उभं करून बोलतो. आपल्यालाही हे परकं नाही. "आमचं काही म्हणणं नाही बाबा", "आम्ही आपले साधे लोक", हे साताऱ्यात एकटा माणूसच म्हणतो, आणि त्यावर कुणी हसत नाही. 'भैया'चंही तसंच. इथे थोरल्या भावाला भैया म्हणतात, अनोळखी माणसाला आदराने भैया म्हणतात, आणि आई लाडात आली की पोटच्या पोरालाही भैया म्हणते. लखनौहून निघालेल्या पुष्पक एक्स्प्रेसने हा शब्द एका दिवस-रात्रीत मुंबईला पोचतो आणि उतरल्यावर त्याचा अर्थ बदललेला असतो.

मी इथे येईपर्यंत मलाही हे माहीत नव्हतं. मी शिकले ती पुस्तकांवरून आणि टीव्हीवरून. तुम्ही विनोदाच्या धंद्यातली माणसं आहात, म्हणून तुम्हाला या गावची ती बाजू सांगावीशी वाटते.

विनोद ही लखनौची जुनी रीत आहे. १८७७ साली मुन्शी सज्जाद हुसेन यांनी इथे 'अवध पंच' हे उर्दू साप्ताहिक काढलं, लंडनच्या 'पंच'वरून नाव घेऊन. अकबर इलाहाबादी त्यात लिहायचे. त्याच सुमाराला नवलकिशोर यांच्या 'अवध अखबार'मधून रतननाथ सरशार यांचा 'फसाना-ए-आझाद' तुकड्यातुकड्याने येत होता आणि वाचक पुढच्या भागाची वाट बघत होते. आज आपण मालिकेची बघतो तशीच. खोजी नावाचं त्यातलं बुटकं, बढाईखोर पात्र इथल्या जुन्या मंडळींना अजून माहीत आहे. मला उर्दू लिपी येत नाही. प्रेमचंदांनी या भल्यामोठ्या ग्रंथाचा 'आझाद कथा' नावाने हिंदीत संक्षेप केला, मी तो वाचला.

पण तुम्ही एकच पुस्तक वाचणार असाल तर श्रीलाल शुक्लांचं 'राग दरबारी' वाचा. १९६८ सालचं. शुक्ल लखनौ जिल्ह्यातल्याच मोहनलालगंजकडच्या अतरौली गावचे, सरकारी नोकरीत आयुष्य गेलेलं, त्यामुळे कचेरी आतून बघितलेली. त्यात लंगड नावाचा एक माणूस आहे. त्याला तहसिलीतून एका कागदाची नकल हवी आहे. नकल देणारा बाबू पाच रुपये मागतो. लंगड म्हणतो, दर दोनाचा आहे. यावरून दोघांचं वाजतं, आणि लंगड शपथ घेतो की आता एक पैसा देणार नाही, कायद्याने नकल घेईन. बाबूही शपथ घेतो की आता एक पैसा घेणार नाही, कायद्यानेच नकल देईन. पुढे अख्खी कादंबरी लंगड फेऱ्या मारत राहतो. अर्जात कधी हे चुकतं, कधी ते.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसले, आणि मग तलाठ्याकडे सातबाऱ्यासाठी चकरा मारणारे माझे आजोबा डोळ्यांपुढे आले. लंगड गावंढळ आहे, अडाणी आहे, त्याची बोली खेडवळ आहे, पण शुक्ल त्याच्या बोलीवर एकदाही हसू काढत नाहीत. हसू येतं ते त्याच्या हट्टाचं आणि बाबूच्या सचोटीचं. लंगड गमछावालाच आहे. तुमच्या मीटिंगमधल्या भय्याच्या सख्ख्या गावातला.

दुसरे के. पी. सक्सेना. त्यांचं लिहिणं तुम्ही ऐकलेलं आहे, नाव कदाचित ऐकलं नसेल. रेल्वेत नोकरी करत हा माणूस लखनौच्या गल्ल्यांवर, शेजाऱ्यांवर, मिर्झांवर लिहीत राहिला. रेल्वेतला म्हणून आमच्या कॉलनीत त्यांच्याबद्दल वेगळाच अभिमान होता. त्यांची 'बीवी नातियों वाली' ही दूरदर्शन मालिका इथल्या जुन्या प्रेक्षकांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकली आहे, की न पाहताही ती पाहिल्यासारखी वाटते. चाची तर त्यातल्या नानीसारखं बोलून दाखवतात. २००० साली सक्सेनांना पद्मश्री मिळाली, २०१३ साली ते गेले.

आणि आशुतोष गोवारीकर या मराठी दिग्दर्शकाला 'लगान' करायचा होता तेव्हा संवादांसाठी तो याच सक्सेनांकडे आला. पुढे 'स्वदेस' आणि 'जोधा अकबर'चे संवादही त्यांचेच. 'लगान' आला २००१ च्या जूनमध्ये. आम्ही सुट्टीला साताऱ्यात होतो, माहेरच्या सगळ्यांनी मिळून बघितला. थिएटर भरलेलं. भुवन अवधी वळणाचं बोलत होता, सगळं गावच बोलत होतं, आणि एकही माणूस त्यांच्या बोलण्याला हसला नाही. शेवटच्या चेंडूला माझे मामा खुर्चीवर उभे राहिले. हीच बोली, हाच 'हम', हीच धोतरं. सातारकर प्रेक्षक तेच. लेखकाने माणसांना शेत दिलं, कर दिला, पाऊस न पडल्याची काळजी दिली, तर प्रेक्षक त्यांच्या बाजूने उभा राहिला. प्रेक्षकाला उगाच दोष देता येत नाही, असं मी म्हणते ते यासाठी. आम्ही तुम्ही दाखवाल तिकडे बघतो.

तिसरं नाव अमृतलाल नागर. लखनौच्या चौकात राहणारा हा लेखक, विनोदाची उत्तम जाण असलेला. चाळीसच्या दशकात काही वर्षं ते मुंबईत सिनेमासाठी लिहीत होते, तिथे मराठी शिकले. शिकून काय केलं? पेण तालुक्यातल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' हिंदीत नेला, 'आँखों देखा गदर' या नावाने. आपल्या गोडसे भटजींना आठवा. १८५७ साली दक्षिणेच्या आशेने काकांबरोबर घरातून निघालेला गरीब भिक्षुक, उत्तरेत जाऊन बंडाच्या वणव्यात सापडला, झाशीत राणीचं युद्ध पाहिलं, लुटला गेला, आणि तरीही घरी परतला. पोटासाठी परमुलखात गेलेला, तिथली भाषा धड न येणारा, वेगळ्या वेशातला माणूस. नागरांना त्याची टिंगल सहज करता आली असती. त्यांनी त्याचं बोट धरून त्याला लाखो हिंदी वाचकांच्या घरात नेलं. हजरतगंजच्या पुस्तकाच्या दुकानात ते हिंदी पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा, नव्या नवरीच्या त्या एकटेपणात, मला जे वाटलं ते सांगता येत नाही. या परक्या गावात आपल्याकडचा एक भटजी आपल्या आधी येऊन पोचला होता आणि त्याला इथल्या माणसाने मानाने बसवलं होतं.

पोटासाठी परमुलखात गेलेला माणूस. तुमचा भय्या दुसरा कोण आहे?

संगीताचं फक्त एवढंच म्हणते. १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे या मुंबईच्या वकिलाने इथे लखनौत संगीताचं कॉलेज उभं करण्यात पुढाकार घेतला, श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं, आणि आज ते भातखंड्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. आपल्याकडच्या बैठकीत आपण ज्या ठुमऱ्यांना आणि बंदिशींना डोळे मिटून दाद देतो, त्यांचे शब्द ब्रजचे आहेत, अवधचे आहेत. सवाई गंधर्वच्या मांडवात जी बोली ऐकून आपल्या डोळ्यांत पाणी येतं, तीच बोली सोसायटीच्या मीटिंगमध्ये आली की हसू कसं येतं?

कुणी म्हणेल, मग विनोदी लेखकाने बोलीवर लिहायचंच नाही का? लिहा, खुशाल लिहा. पुलंनी लिहिलंच की. ते बेळगावला प्राध्यापक होते, तिथे त्यांना रावसाहेब भेटले. रावसाहेबांची कानडी हेल काढलेली मराठी, ते लिंगवचनाचे घोटाळे, त्या शिव्या. मी कॅसेटवर ते किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. प्रत्येक वेळी हसून पुरेवाट होते आणि प्रत्येक वेळी शेवटाला गळा दाटतो. रावसाहेबांची भाषा हसवते, पण त्यांच्या घराची चौकट, त्यांचं गाण्याचं वेड, त्यांचं जीव लावणं पुलंनी आधी आपल्याला दाखवलेलं असतं. हसता हसता आपण त्या माणसाच्या ओसरीवर जाऊन बसलेले असतो. पुलंचे पेस्तनकाका ऐकून कुठल्या पारशाला खाली मान घालावी लागली असेल असं मला वाटत नाही. माझी कसोटी तीच आहे. ज्याच्यावर लिहिलं तो माणूस शेजारी बसला असेल, तर मला त्याला खरा अर्थ सांगता आला पाहिजे.

चाचींना एक मराठी माणूस फार वर्षांपासून माहीत आहे. वागळे. १९८८ साली दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' आली, आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतली, कुंदन शहा यांनी दिग्दर्शित केलेली. साधा कारकून, बायको, दोन मुलं, महिनाअखेरीची ओढाताण. वागळे झाले होते अंजन श्रीवास्तव, त्यांची बायको भारती आचरेकर. श्रीवास्तव आडनावाच्या नटाने वागळे असा उभा केला, की लखनौत मी नवीन आले तेव्हा आडनाव विचारून झाल्यावर लोक म्हणायचे, अच्छा, वागले वाले! ते ऐकून मला घरी असल्यासारखं वाटायचं. एका मालिकेने माझ्यासाठी परगावात ही वाट करून ठेवली होती. मुंबईत उतरणाऱ्या माणसासाठी तुमच्या कार्यक्रमांनी कुठली वाट केली, हे एकदा शांतपणे बघा.

हिंदीवाले तरी कुठे बरे वागतात, हा प्रश्न मला माहेरी हमखास विचारला जातो. खरं आहे. त्यांच्या सिनेमातली मराठी बाई म्हणजे धुणीभांडी करणारी, मराठी पुरुष म्हणजे पोट सुटलेला हवालदार, हे बघून माझंही डोकं तडकतं. म्हणूनच म्हणते, ती कळ आपल्याला माहीत आहे.

एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर गैरसमज होईल. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकलं पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. मी इथली भाषा शिकले, घरात मुलांना मराठी लिहाय-वाचायला शिकवलं, आणि दोन्हीसाठी कष्ट घेतले. त्या आग्रहात मी तुमच्या बरोबर आहे. चाचींच्या बहिणीचा मुलगा मुंबईत टॅक्सी चालवतो. कांदिवलीला राहतो. दिवाळीला आला की दारातूनच "काय ताई, बरंय ना?" म्हणतो, आणि आम्ही दोघं मराठीत बोलायला लागलो की चाची कौतुकाने बघत राहतात. त्याची मुलं मराठी शिकतात. त्याने मला एक किस्सा सांगितला. दादरला एक गृहस्थ गाडीत बसले आणि त्याला म्हणाले, "महाराष्ट्र में रहते हो, मराठी बोलना सीखो." हा म्हणाला, "साहेब, मी मराठीच बोलतोय, कुठे जायचंय सांगा." त्यावर ते म्हणाले, "सिद्धिविनायक ले चलो." पुढचा सगळा रस्ता हा मराठीत बोलत होता आणि ते हिंदीत. त्याने हे सांगितलं ते इतकं झकास, मधल्या सिग्नलच्या थांब्यांसकट, की आमचे यजमान खुर्चीतून उठले आणि त्याला टाळी दिली. विनोद त्यालाही करता येतो, मराठीत करता येतो, आणि त्यात आपल्या वागण्यातली एक खरीखुरी गोष्ट सापडते. तुमच्या मंचावर असा भय्या मी अजून पाहिलेला नाही.

ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वेभरतीच्या परीक्षेला मुंबईत आलेल्या उत्तरेकडच्या मुलांना मारहाण झाली. विनोदी प्रवेशांमुळे ती झाली, असं मी मुळीच म्हणत नाही. पण तो आठवडा मला विसरता येत नाही, कारण आमची सगळी कॉलनीच रेल्वेची. परीक्षेला गेलेल्या मुलांसारखीच मुलं इथे घराघरात. मी दोन दिवस दाराबाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी कॉलनीतल्या दोघीजणी आल्या, एकीच्या हातात मुरमुऱ्यांचे लाडू होते. म्हणाल्या, "आप क्यों नहीं दिखतीं? घर पर सब ठीक?" त्यांनी मला त्या विषयाचा एक शब्दही ऐकवला नाही. त्या दोघींचे चेहरे डोळ्यांपुढे असल्यामुळे मला ते टपलीचं वाक्य त्या रात्री हसून सोडून देता आलं नाही.

तुमच्या कामाची घाई मला बाहेरूनही दिसते. आठवड्याला इतके प्रवेश, इतकी मिनिटं, वर प्रेक्षक हसलेच पाहिजेत. अशा वेळी हातासरशी मिळणारं पात्र उचललं जातं. गमछा घातला की पहिला हशा फुकट मिळतो, हे मी समजू शकते. पण तुम्ही त्या मालवणी म्हाताऱ्यासाठी फुकटचा हशा घेतला नव्हता. त्याला तुम्ही देव दिला होता, भाऊबंदकी दिली होती, मुंबईला गेलेला मुलगा दिला होता.

जे अतरौलीच्या लेखकाने लंगडला दिलं आणि जे पुलंनी रावसाहेबांना दिलं, तेच मी मागते. त्या माणसाला एक नाव द्या, 'भय्या' सोडून. एक जिल्हा द्या. बलिया, गोंडा, बाराबंकी, जौनपूर, काहीही, पण एकच द्या, आणि मग त्याच्या तोंडी तिथलीच बोली घाला. कळत नसेल तर मुंबईत विचारायला माणसं हवी तितकी आहेत. तुमच्या स्टुडिओच्या दाराशी रिक्षा लावून बसलेला असेल, त्याला चहा पाजून विचारा. त्याला मूर्ख ठेवायचं तर ठेवा, विनोदात मूर्ख लागतात, पण अधूनमधून त्यालाही एखादं वाक्य मारू द्या. आणि जमलं तर एकदा लखनौला या. जेठातल्या मंगळवारी या. बडा मंगल म्हणतात त्याला. अलीगंजच्या हनुमानाच्या देवळाकडे येणाऱ्या रस्त्यांवर दर थोड्या अंतरावर मांडव असतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हात धरून पुरी-भाजी आणि सरबत देतात. नाव-गाव कुणी विचारत नाही. त्या रांगेत तासभर उभं राहिलात तर दहा प्रवेशांचा ऐवज कानांवर पडेल.

चाची अजून रोज रात्री येतात. भय्याचा प्रवेश लागला की मी रिमोट उचलते आणि त्या काही म्हणत नाहीत. पण त्यांनी विचारलेला प्रश्न तसाच राहिला आहे. पुढच्या वेळी तो माणूस तुमच्या मंचावर येईल, तेव्हा तो कुठला हे ठरवून पाठवा. मला चाचींना सांगायचं आहे.

आपली,
अलीगंज, लखनौ येथील एक वाचक आणि प्रेक्षक